गावाची पेटी

हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथच्या देवळाची एक कथा मराठवाड्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. संत नामदेव देवळापुढे कीर्तनाला उभे राहिले. पुजाऱ्यांनी त्यांना तिथून उठवले. ते मागच्या बाजूला जाऊन पुन्हा गाऊ लागले, आणि देऊळच फिरून त्यांच्याकडे तोंड करून उभे राहिले. कथेचा भक्तिपर अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे. या प्रस्तावनेला तिच्यातला दुसराच एक धागा हवा आहे. गाणे कुठे व्हायचे हे इमारतीने ठरवायचे की गाणाऱ्यांनी, असा तो तंटा आहे आणि कथेने निकाल गाणाऱ्यांच्या बाजूने दिला आहे. जगातल्या सर्वांत अवाढव्य वाद्याचा, म्हणजे पाइप ऑर्गनचा आणि त्याच्याभोवती जमणाऱ्या माणसांचा विचार हिंगोली जिल्ह्यातून करायचा तर सुरुवात इथून करणे सोयीचे. कारण पाइप ऑर्गनच्या बाबतीत हाच निकाल उलटा लागतो. तिथे इमारत जागची हलत नाही. वाद्य तिच्या भिंतीत चिणलेले असते आणि वाजवणाऱ्याला तिच्या दारात जावे लागते.

हे असे का, ते वाद्याच्या बनावटीतच आहे. बासरीसारख्या नळीत हवा सोडली की सूर निघतो, आणि तो किती खालचा निघेल हे नळीच्या लांबीवर ठरते. दोन्ही तोंडे उघडी असलेली सुमारे ८ फुटांची नळी सेकंदाला साधारण ६५ कंपनांचा खर्ज देते. त्याच्या खालचे सप्तक हवे असेल तर नळी १६ फुटांची लागते, आणखी खाली जायचे तर ३२ फुटांची. शिवाय प्रत्येक पट्टीला, आवाजाच्या प्रत्येक जातीसाठी, वेगळी नळी. त्यामुळे नळ्यांचा आकडा शेकड्यांवरून हजारांवर जातो. अमेरिकेत अटलांटिक सिटीच्या सभागृहात जो ऑर्गन आहे त्यात तो ३३,०००च्या वर आहे. असले वाद्य बाजारातून आणून कोपऱ्यात ठेवता येत नाही. ते त्या त्या वास्तूसाठी, त्या वास्तूतच बांधावे लागते, आणि मग तिची उंची, तिचा दगड, तिच्यात आवाज किती वेळ घुमतो, हे सगळे वाद्याचेच अवयव होऊन बसतात. मुंबईत कुलाब्याच्या होली नेम कॅथेड्रलमध्ये असा ऑर्गन आहे. महाराष्ट्रात अशी ठिकाणे हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी थोडी. जिथे ती पुष्कळ आहेत तिथे या वाद्यापायी एक विशिष्ट प्रकारचा समाज तयार झाला. वाद्य हलत नाही म्हणून माणसे हिंडतात. शिकणाऱ्याला सरावासाठी चर्चची किल्ली मागावी लागते, पाहुण्या वादकाला प्रत्येक ऑर्गनची खोड नव्याने ओळखावी लागते, कारण एकासारखा दुसरा नसतो. लंडनमध्ये ऑर्गनवादकांचे विद्यालय १८६४ मध्ये निघाले, अमेरिकेत त्यांचा संघ १८९६ मध्ये झाला. जर्मनीतली ऑर्गन बांधण्याची आणि वाजवण्याची परंपरा २०१७ मध्ये युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशात घेतली. गावोगावच्या हौशी मंडळींच्या संघटना वेगळ्याच. दुसऱ्या गावचा ऑर्गन बघायला, ऐकायला आणि जमल्यास दोन पट्ट्या दाबायला जाणे हा त्यांचा वार्षिक कार्यक्रम असतो.

मराठी कानाला मात्र ‘ऑर्गन’ म्हटल्यावर नळ्यांची भिंत आठवत नाही. त्याला आठवते संगीत नाटक, रंगमंचाच्या पुढ्यात बसलेला साथीदार आणि पायाने भाता मारायचे ते लाकडी कपाटासारखे वाद्य, म्हणजे पायपेटी. त्यात नळी एकही नसते. पितळेची एक पातळ जीभ, तिच्या मापाच्या फटीत हवेच्या झोताने मागेपुढे थरथरते आणि बोलते. तिचा स्वर तिच्या स्वतःच्या लांबी-जाडीवर ठरतो, पेटीच्या आकारावर नव्हे. ८ फुटांच्या नळीने जो खर्ज द्यायचा तो बोटाएवढ्या जिभेतून निघतो, हे या जातीच्या वाद्याचे सारे रहस्य आहे. चीनच्या शेंगसारख्या वाद्यांत हे तंत्र फार जुने आहे आणि युरोपला त्याची ओळख पूर्वेकडूनच झाली असे मानले जाते. पॅरिसचे वाद्यनिर्माते दबें यांनी १८४०च्या सुमारास त्यावर हार्मोनियम बेतले तेही पायाने चालवायचेच होते. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी, ज्यांची द्वारकिन ही पेढी १८७५ मध्ये सुरू झाली होती, भाता मागच्या बाजूला नेऊन हाताला दिला आणि वाद्य जमिनीवर आणले. खुर्चीवर बसणाऱ्यांचे वाद्य मांडी घालून बसणाऱ्यांचे झाले. एक हात भात्यावर गुंतला, म्हणजे दोन हातांनी वाजवायची पाश्चात्त्य स्वरसंहती आपोआप बाहेर राहिली आणि एकाच हाताने एका सुरावटीचा पाठलाग करायचे काम उरले. आपल्या गाण्याला तेवढेच हवे होते.

माझे म्हणणे असे आहे की हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, वसमत आणि औंढा नागनाथ या पाच तालुक्यांत गावोगावच्या भजनी मंडळांत जी पेटी आहे, तिला गावाचा ऑर्गन मानून अभ्यासावे. आणि तिच्याभोवती जे पेटीवाले, टाळकरी, पखवाजी आणि नुसते ऐकायला येऊन बसणारे जमतात, त्यांना लंडन किंवा लाइपझिगच्या ऑर्गनमंडळींइतकाच खराखुरा वाद्यसमाज समजावे. आपल्याकडे पेटीचा इतिहास लिहिला जातो तो मोठ्या वादकांचा. गोविंदराव टेंबे, गोविंदराव पटवर्धन, तुळशीदास बोरकर, आणि ज्यांचे मूळ आपल्याच मराठवाड्यातल्या जालना परिसरातले ते आप्पा जळगावकर, ही नावे त्यात यायलाच हवीत. पण तो इतिहास मैफलीच्या बैठकीवर सुरू होतो आणि तिथेच संपतो. महाराष्ट्रातल्या बहुतेक पेट्या मैफलीत कधी गेल्याच नाहीत. त्या देवळाच्या सभामंडपात, पारावर, शाळेच्या प्रार्थनेत, दर्ग्यातल्या कव्वालीत आणि भीमगीतांच्या पार्टीत वाजत राहिल्या. त्यांचा इतिहास वादकाच्या नावाने लिहिता येणार नाही, मंडळाच्या नावानेच लिहावा लागेल.

पुरावा कुठे शोधायचा? सप्ताहाच्या पत्रिकेत. अखंड हरिनाम सप्ताहाची छापील पत्रिका हा मराठवाड्यातल्या संगीताचा सर्वांत दुर्लक्षित दस्तऐवज आहे. वर दैवतांची आणि संतांची चित्रे, मग दिनक्रम: पहाटे काकडा, सकाळी ज्ञानेश्वरीचे पारायण, दुपारी गाथा भजन, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन आणि त्यानंतर जागर. सात रात्रींचे सात कीर्तनकार ठळक अक्षरांत येतात, त्यांच्याकडे सगळ्यांचे लक्ष जाते. खाली बारीक टाइपात गायनाचार्य, मृदंगाचार्य, विणेकरी, चोपदार आणि हार्मोनियमवादक यांची नावे असतात. त्याहूनही बारीक टाइपात जागराची यादी: पहिली रात्र अमुक गावचे भजनी मंडळ, दुसरी रात्र तमुक गावचे. ही शेवटची यादी म्हणजे नकाशा आहे. जे मंडळ आपल्याकडे जागराला आले, त्यांच्या सप्ताहाला आपण जायचे, हा न लिहिलेला करार. पंचक्रोशीतल्या पत्रिका ओळीने मांडल्या तर कोणत्या गावाचा कोणत्या गावाशी सुराचा व्यवहार आहे ते रेघा ओढून दाखवता येईल. हा व्यवहार सोयरिकीच्या किंवा बाजाराच्या रेघांवरूनच जातो की स्वतंत्र वाट काढतो, हा तर समाजशास्त्राच्या अभ्यासकाने हातचा सोडू नये असा प्रश्न आहे. इंग्लंडमधल्या ऑर्गनसंघाच्या वार्षिक अहवालात यापेक्षा निराळे काही नसते: कोण, कधी, कोणाच्या वाद्यावर वाजवायला गेले.

जागरातच आणखी एक साम्य दिसते. पाहुणे मंडळ पुष्कळदा टाळ आपले आणते, पण पेटी यजमान गावाचीच मांडलेली असते. म्हणजे पेटीवाल्यापुढे दर वेळी अनोळखी वाद्य. एका पेटीत मध्यमाची पट्टी पावसाळी हवेने फुगून अडकते, दुसरीचा भाता उंदराने कुरतडलेला म्हणून हवा धरत नाही, तिसरीत एखादा सूर उगाचच बोलत राहतो आणि त्यावर कागदाचा तुकडा खोचलेला असतो. पहिल्या गजरातच हे सगळे ओळखून, त्या खोडीला वळसा घालून चाल पुढे न्यायची हे कसब आहे. लाखमोलाचा ऑर्गन वाजवायला दुसऱ्या गावी गेलेला वादक घटकाभर नुसत्या आवाज निवडायच्या खुंट्या ओढून बघत बसतो तो ह्याच कारणासाठी. स्वतःचे, हाताला सवयीचे वाद्य घेऊन हिंडणाऱ्या सतारियाला किंवा व्हायोलिनवाल्याला ही विद्या सहसा लागत नाही. सार्वजनिक वाद्य वाजवणाऱ्यांची ती विद्या आहे. आणि पेटी सार्वजनिकच असते: वर्गणीतून घेतलेली, किंवा कोणा घरच्यांनी वडिलांच्या स्मरणार्थ देवळाला दिलेली, झाकणावर दात्याचे नाव रंगवलेली. युरोपातल्या चर्चमध्ये ऑर्गनच्या खाली दात्याची पाटी असते, तिचीच ही धाकटी बहीण.

आता आक्षेप. पहिला सरळच आहे: जिभेच्या पेटीला ऑर्गन म्हणणे हा शब्दांचा खेळ झाला. नळीच्या नादाची भव्यता पेटीत कुठे? हे मान्य. साडेतीन सप्तकांच्या पेटीला ४२ पट्ट्या, दुहेरी सुरांची असेल तर ८४ सूर, म्हणजे जिभा. तेहतीस हजारांपुढे हा आकडा हास्यास्पद आहे. पण वाद्याची ओळख आकड्यावरून करायची की कामावरून? ऑर्गनचे चर्चमधले मुख्य काम भव्य एकलवादनाचे नाही. शेकडो अशिक्षित गळ्यांना एका पट्टीत उभे करणे, त्यांना सुरुवात दाखवणे आणि ते ढळू लागले की सावरणे हे ते काम आहे. श्वास न घेणारा, न थकणारा, लांबलचक सूर धरता येणे ही त्यासाठीची अट. आपल्या परंपरेत वीणा सूर देते, पण तिची तार छेडली की लगेच विरत जाते, आणि वीस-पंचवीस टाळांच्या किणकिणाटात तिचा आवाज विणेकऱ्याच्या छातीपलीकडे पोहोचत नाही. टाळ आणि पखवाज लय सांभाळतात. सुरावट धरून ठेवणारे कोणीच नव्हते, ती जागा पेटीने घेतली. वारकरी चाली चढ्या पट्टीत गायल्या जातात. काळी चार, काळी पाच असल्या पट्टीत तासभर ओरडून झाल्यावर गळा खाली घसरतो, हा निसर्ग आहे. पेटी घसरत नाही.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे आणि तो करणारी माणसेही मोठी होती. पेटीने भारतीय गाण्याचा गळा बिघडवला, तिच्या ठोकळेबाज बारा स्वरांत श्रुती मावत नाहीत, मींड तिला येतच नाही. रवींद्रनाथ ठाकूर तिच्या विरोधात होते. ऑल इंडिया रेडिओत काम करणारे इंग्रज संगीतकार जॉन फोल्ड्झ यांनी तिच्यावर कडाडून टीका केली, आणि लायोनेल फील्डन रेडिओचे प्रमुख असताना १ मार्च १९४० पासून तिला स्टुडिओत बंदी झाली. स्वातंत्र्यानंतरही ती उठली नाही. १९७१ मध्ये ती अंशतः सैल झाली. हा आक्षेप चुकीचा आहे असे मी म्हणत नाही. तो कुठे लागू पडतो आणि कुठे नाही, एवढेच तपासायचे आहे. समान अंतरांच्या बारा स्वरांत शुद्ध गंधार नैसर्गिक गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा येतो. सेंट म्हणजे एका अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग. पंचम मात्र जेमतेम २ सेंटनी उतरा येतो, म्हणजे जवळजवळ अचूक. तानपुऱ्यापुढे बसलेल्या एकट्या गायकाचा गंधार मायक्रोफोनमधून ऐकताना १४ सेंट फार असतात. पण सभामंडपात तीस जणांनी एकत्र लावलेला गंधार घ्या. त्या तीस गळ्यांमधलाच पसारा याहून कितीतरी मोठा असतो. तिथे पेटीचा गंधार किंचित चढा असल्याने बिघडत काही नाही, उलट तो नसेल तर तो पसारा आणखी वाढतो. रेडिओने जो न्याय केला तो एका गळ्यापुरता होता. त्या न्यायाने गावच्या मंडळाला शिक्षा देणे म्हणजे मैफलीच्या कायद्याने जत्रेचा खटला चालवण्यासारखे आहे.

शिवाय बारा स्वरांचा ठोकळा ही ऑर्गनच्या जातीची जन्मखूण नव्हे. युरोपातले जुने ऑर्गन वेगळ्या अंतरांनी सुरात लावलेले असत, आणि इंग्लंडमध्ये तर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत समान अंतरांची पद्धत ऑर्गनवर सर्रास आलेली नव्हती. पेटीची जीभ टोकाशी घासली की स्वर चढतो, मुळाशी घासली की उतरतो. कानस हातात असलेल्या कारागिराला हवा तो गंधार देता येतो, आणि महाराष्ट्रात ‘गांधार ट्यूनिंग’ची पेटी मागणारे वादक आहेतही. याच्या पुढे जाण्याचे प्रयत्नही आपल्याकडे जुने आहेत. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि सनदी अधिकारी अर्नेस्ट क्लेमेंट्स यांनी १९१०च्या दशकात श्रुतींची पेटी घडवून आणली. अलीकडे डॉ. विद्याधर ओक यांनी २२ श्रुतींची पेटी केली आहे. आक्षेप घेणारे आणि त्यावर उत्तर शोधणारे अशी दोन्ही माणसे याच मातीत झाली, हे पेटीला ‘परकी’ म्हणून झटकून टाकणाऱ्यांनी लक्षात घ्यावे. तिच्या पोटातले सूर आज मोठ्या प्रमाणात गुजरातेतल्या पालिताण्याला तयार होतात. मिरची आणि बटाटा परके नसतील तर पेटीही नाही.

तिसरा आक्षेप वारकरी मंडळींच्या घरातूनच येतो: संप्रदायाची वाद्ये टाळ, वीणा आणि मृदंग; पेटी ही मागून शिरलेली. ऐतिहासिकदृष्ट्या हे शंभर टक्के बरोबर आहे, आणि हिंगोली जिल्ह्यात त्याला विशेष धार आहे. हिंगोली तालुक्यात कयाधूच्या काठी नरसी नामदेव हे गाव आहे. नामदेवांचा जन्म, परंपरेने सांगितलेले साल १२७०, इथे झाला की पंढरपुरात, यावर अभ्यासकांचे मतभेद आहेत. पण कीर्तनाचा आद्य पुरुष म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवतात त्याच्या नावाचे गाव या जिल्ह्यात आहे, याला महत्त्व आहेच. नामदेवांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत. त्यामुळे नरसीला वारकरीही येतात आणि शीखही, आणि दोघांच्याही गाण्यात पेटी आहे. दोन्हीकडे ती उशिरा आली. शीख परंपरेत तिच्यावर प्रश्नचिन्ह उठले ते अलीकडेच: मे २०२२ मध्ये अकाल तख्ताच्या जथेदारांनी अमृतसरच्या हरमंदिर साहिबमध्ये तीन वर्षांत पेटी मागे सारून जुन्या तंतुवाद्यांवर कीर्तन आणावे, अशी सूचना शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समितीला केली. त्या सूचनेमागचा विचार समजण्यासारखा आहे. रबाब, सारंदा, ताऊस या वाद्यांची परंपरा मोडत चालली असेल तर तिला जागा करून देण्यासाठी कोणीतरी बाजूला सरकायलाच हवे. पण हा तर्क वारकरी मंडपात आणून चालत नाही, कारण पेटीने इथे कोणाला उठवले नाही. वीणा अजून विणेकऱ्याच्या गळ्यात आहे, सप्ताह सुरू झाला की ती जमिनीला टेकत नाही, आणि पखवाजाला पेटीने धक्का लावलेला नाही. ती रिकाम्या जागेत बसली. संप्रदायाने तिला पूजेचा मान दिला नाही, फक्त बैठकीत जागा दिली. पत्रिकेतले बारीक टाइप हेच सांगते. हा भेद संप्रदायाने विचार करून केला असो वा सवयीने, तो फार शहाणपणाचा आहे.

या समाजाला समाज म्हणावे काय, असा चौथा आक्षेप येईल. त्याला ना नोंदणी, ना घटना, ना परीक्षा. वादक बहुतेक कानाने शिकलेले. नोटेशन विचाराल तर पट्टीचे नाव सांगतील. इथे थोडे अवघड बोलावे लागेल. नोंदणी नसणे हा दोष नाही, पण त्यामुळे कोण आत आहे आणि कोण बाहेर हे कधी कोणाला लिहून द्यावे लागत नाही, आणि न लिहिलेली दारे बंद करणे सोपे असते. देवळाच्या मालकीच्या पेटीला हात लावायचा अधिकार गावातल्या सगळ्यांना सारखाच होता, असे इतिहासाचा विचार करणारा माणूस म्हणू शकणार नाही. औंढ्याच्या कथेतली पुजाऱ्यांची हरकत एका शिंप्याच्या पोराला होती. म्हणूनच पेटीचा इतिहास देवळापुरता ठेवता येत नाही. मराठवाड्यात आंबेडकरी जलशांनी आणि भीमगीतांनी तीच पेटी उचलली, वामनदादा कर्डकांसारख्या शाहिराची गाणी वस्त्यावस्त्यांत पोहोचली ती हिच्याच साथीवर. लिंगायत शिवभजनात ती आहे, कव्वालीत आहे. नळ्यांचा ऑर्गन ज्यांच्या इमारतीत असेल त्यांचाच राहतो. पेटी काखोटीला मारून दुसऱ्या वस्तीत नेता येते, आणि ज्यांना मंडपातल्या पेटीपाशी बसू दिले नाही त्यांनी आपली घेतली. एका वाद्याभोवती एक समाज असे नसून अनेक समाज आहेत, एकमेकांच्या चाली ऐकत, उचलत आणि क्वचितच कबूल करत. महिला भजनी मंडळांची नोंद याच प्रकरणात यायला हवी. त्यांत पेटीवर कोण बसते आणि ते कसे शिकते, हा अभ्यास ज्याने करायचा त्याला वर सांगितलेल्या पत्रिकांचा उपयोग थोडाच होईल, कारण त्यांची भजने बहुधा पत्रिकेशिवायच होतात.

उरला कीबोर्ड. विजेवर किंवा सेलवर चालणारा, हलका, कधीही बेसूर न होणारा, भाता न लागणारा. पेटीचे दिवस भरले, अभ्यास कसला करता, असे म्हणणाऱ्यांना त्याच्याकडे बोट दाखवता येते. यातली गंमत अशी की जवळजवळ प्रत्येक कीबोर्डमध्ये ‘चर्च ऑर्गन’ नावाचा एक आवाज भरलेला असतो. म्हणजे पाइप ऑर्गन सेनगाव-कळमनुरीला शेवटी पोहोचला तो प्लॅस्टिकच्या डब्यात, एका बटणाच्या मागे. आणि भजनात त्या बटणाचे काम पडत नाही. कीबोर्ड पेटीला हटवील की नाही याचे भाकीत करण्यात अर्थ नाही. पेटीनेही एके काळी सारंगीला संगीत नाटकातून आणि मैफलीतून मागे रेटले होते, आणि तेव्हा सारंगीवाल्यांसाठी कोणी रडले नाही. पण दोघांत एक फरक आहे, आणि तो भावनेचा नाही, यंत्राचा आहे. पेटीचा आवाज भात्यावरच्या हाताने लहानमोठा होतो. पेटीवाला टाळकऱ्यांचा जोर बघून हवा कमी-जास्त सोडतो, त्यांच्या दमाबरोबर त्याचाही दम चालतो. साध्या कीबोर्डवर तो आवाज बटणाने ठरतो आणि ध्वनिक्षेपकातून येतो, म्हणून तो मंडळाच्या मधून न येता मंडपाच्या खांबावरून येतो. मंडळ मग एकमेकांकडे कान न देता खांबाकडे देते. चर्चमधल्या जुन्या ऑर्गनच्या जागी विजेचे वाद्य आणले तेव्हा तिथल्या वादकांनीही तक्रार केली ती याच स्वरूपाची होती: आवाज खोलीतून उगवत नाही, कुठूनतरी सोडला जातो.

शेवटी, पुरावा टिकण्याविषयी. हिंगोलीत छावणीच्या काळातली नावे अजून बोलण्यात आहेत: पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार. निजामाच्या हैदराबाद कंटिंजंट या फौजेची ती छावणी गेली, हैदराबाद संस्थान गेले, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली हा वेगळा जिल्हा झाला. या सगळ्याचे कागद दफ्तरांत आहेत. भजनी मंडळाचा कागद मात्र पानटपरीच्या पत्र्यावर, एसटी थांब्याच्या भिंतीवर आणि देवळाच्या खांबावर असतो. सप्ताह संपला की त्याच्यावर पुढच्या गावची पत्रिका चिकटते. पेटीच्या झाकणावरचा रंग त्याहून थोडा टिकाऊ; पण पेटी दुरुस्तीला गेली की पहिले काम नव्या पॉलिशचे होते, आणि दात्याचे नाव व साल त्याखाली जाते. ज्यांना हा अभ्यास करायचा आहे त्यांनी सुरुवात मुलाखतींनी न करता या दोन गोष्टींनी करावी. झाकणांचे फोटो काढावेत आणि पत्रिका सोलून घ्याव्यात, ओल्या फडक्याने, सावकाश. वरची निघाली की खालच्या पत्रिकेत सातव्या रात्री जागराला कोणते गाव होते तेवढे बहुधा वाचता येते.